शंका नावाची फाइल

१

प्रेसमधली माणसं बाईंना कानामात्रा म्हणायची. पाठीमागे, अर्थातच. तोंडावर 'या बाई', 'बसा ना बाई'. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही, कारण नाव खोटं नव्हतं. एकतीस वर्षं त्या पुस्तकांची प्रुफं तपासत होत्या, आणि त्यांच्या नजरेतून सुटलेली चूक दाखवा म्हटलं असतं तर भल्याभल्यांना घाम फुटला असता.

त्यांची पद्धत जुनी होती. नवरा लेखकाचं हस्तलिखित मोठ्यानं वाचायचा आणि त्या समोर बसून छापलेलं प्रूफ त्याच्याशी ताडून बघायच्या. वाचायचा म्हणजे सगळं वाचायचा. 'नळ बंद करावा स्वल्पविराम मग चकती काढावी पूर्णविराम नवा परिच्छेद.' ओळ चुकू नये म्हणून कागदावर फूटपट्टी ठेवायचा आणि एकेक ओळ खाली सरकवायचा. परिच्छेद संपला की थांबायचा. त्या पेन्सिलीनं खूण करून 'पुढे' म्हणायच्या, की तो पुढे. इतक्या वर्षांत दोघांची भांडणं रग्गड झाली, पण वाचताना कधी नाही. भांडायचं तर आधी प्रकरण संपवायचं, हा घरचा कायदा.

मग तो न्हाणीघरात घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली. झोपायची खोली आणि न्हाणीघर वर, म्हणून त्याला वरच नेऊन ठेवलं, आणि डॉक्टरांनी बजावलं की दोन महिने जिन्याचं नाव काढायचं नाही. बाईंची पंचाईत अशी की प्रुफांचे कागद पसरायचं मोठं टेबल खाली, स्वयंपाकघर खाली, दारावरची बेल खाली. आणि चौदा पायऱ्या म्हटल्या की त्यांचे स्वतःचे गुडघे आधी हुज्जत घालायचे, मग चढायचे.

दुसऱ्या गावी नोकरी करणारी मुलगी चार दिवस येऊन सोय लावून गेली. एक कॉम्प्युटर वर, एक खाली. बाबांनी वर बसून वाचन रेकॉर्ड करायचं आणि 'वाचन' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायचं. तोच फोल्डर आईनं खालून उघडायचा. आईला काही विचारायचं असेल तर त्याच फोल्डरमधल्या 'शंका' नावाच्या फाइलमध्ये लिहायचं. बाबा हस्तलिखित बघून उत्तर देणार. दोघांनीही 'हे काय नवीन' म्हणून नाकं मुरडली आणि आठ दिवसांत असे सरावले की जणू जन्मभर हेच करत आले होते.

काम होतं 'घरदुरुस्ती' या जाडजूड पुस्तकाच्या तिसऱ्या खंडाचं. प्रेसनं दुसऱ्या कुणाला देऊ म्हटलं तेव्हा बाईंनी साफ नाही सांगितलं. दवाखान्यातून आल्यापासून नवरा निम्मा झाला होता. जेवणावर वासना नाही, कशात मन नाही. फक्त वाचायला बसला की ताठ व्हायचा. "वाचन बंद पडलं तर मी बंद पडलो समज," तो एकदा हसत म्हणाला. त्यांनी ते हसण्यावारी नेलं, पण मनात मात्र घट्ट धरून ठेवलं.

२

मंगळवारी सकाळी दहा वाजता त्या फोल्डर उघडायला गेल्या तर फोल्डरच दिसेना. वरचा कॉम्प्युटर सापडत नाही, अशी पाटी.

"मिळाली का गं फाइल?" वरून हाक आली.

"नाही मिळाली."

"मी तर ठेवली आहे."

"मग मला का दिसत नाही?"

"चष्मा लावलायस का?"

 त्यांनी मुलीला फोन लावला. मुलगी कचेरीत होती आणि दबक्या आवाजात बोलत होती.

"राउटर बंद करून चालू केलास?"

"दोनदा केला. दोन्ही कॉम्प्युटरही बंद-चालू केले. अजून काय करू, त्यांची दृष्ट काढू?"

"आई, चिडू नकोस. दोन्ही एकाच वायफायवर आहेत का ते बघ."

त्या वर गेल्या. आणि मग उलगडा झाला. राउटरचा डबा एकच, पण मुलीनं मागे त्यातून वायफायची दोन नावं काढली होती. एक घरच्यांसाठी आणि एक येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांसाठी, म्हणजे पाहुण्यांना घरातल्या फाइली दिसायला नकोत. वरच्या कॉम्प्युटरनं आपणहून पाहुण्यांचं नाव धरलं होतं. स्वतःच्याच घरात पाहुणा होऊन बसला होता गाढव.

त्यांनी तो घरच्या नावावर आणला. खाली आल्या. आता फोल्डर दिसला, पण पासवर्ड मागायला लागला. तो कुणालाच आठवेना.

"पासवर्डची अटच काढून टाक," मुलगी म्हणाली. "बाबांच्या कॉम्प्युटरवर जा, त्या फोल्डरवर परवानगीचा रकाना आहे, तिथे 'सर्वांना' निवड. वाचायची आणि लिहायची, दोन्ही."

"सर्वांना म्हणजे कुणाला?"

"नेटवर्कवर जो कोणी असेल त्याला. अगं, घरात तुम्ही दोघंच तर आहात. कोण येतंय?"

तेही खरंच होतं. त्या पुन्हा वर गेल्या, खूण केली, खाली आल्या. फोल्डर मुकाट्यानं उघडला. मंगळवारची फाइल तिथेच होती.

३

वर नवऱ्यानं सांगितलं होतं की अडतीस मिनिटं वाचलं. खाली फाइल एक्केचाळीस मिनिटांची दिसत होती. असेल काहीतरी, म्हणून त्यांनी ऐकायला सुरुवात केली.

प्रकरण दारं-खिडक्यांच्या बिजागऱ्यांचं होतं. तीन चुका सापडल्या, तिन्ही अक्षरं जुळणाऱ्याच्या. 'प्रकरण समाप्त' आलं, मग नवऱ्याचा नेहमीचा खोकला, मग बटण बंद केल्याचा खट आवाज. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. आणि वाचन पुढे सुरू झालं.

'जिना पूर्णविराम चौदा पायऱ्या पूर्णविराम खालून अकरावी पायरी पाय पडताच वाजते पूर्णविराम.'

आवाज नवऱ्याचाच. लय त्याचीच, 'पूर्णविराम'वर किंचित खाली उतरणारी. त्यांनी प्रुफाची पानं पुढेमागे केली. जिन्याचं काही नव्हतं. प्रेसवाल्यांनी एक पान गाळलेलं दिसतंय, ही आता नेहमीचीच रड, असं पुटपुटत त्यांनी समासात प्रश्नचिन्ह काढलं. परिच्छेद संपला होता. आवाज थांबला होता. फ्रिज घरघरत होता आणि रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

"पुढे," त्या म्हणाल्या.

एकतीस वर्षांची सवय, तोंडातून आपसूक गेलं. हाताखालच्या कागदावर खूण झाली की जीभ हलणारच. आता रेकॉर्डिंगला 'पुढे' म्हणून काय उपयोग, असं मनात येऊन त्या स्वतःशीच हसल्याही. तेवढ्यात आवाज आला.

'बैठकीची खोली पूर्णविराम टेबल एक पूर्णविराम टेबलाशी बाई एक स्वल्पविराम चष्मा कपाळावर पूर्णविराम.'

त्यांचा हात कपाळाकडे गेला. चष्मा तिथेच होता.

 मग त्या डोकं चालवायला लागल्या. नवऱ्यानं गंमत केली असणार. पायऱ्या त्याला माहीत, अकरावी वाजते हे माहीत, आणि आपण फाइल शोधताना चष्मा कपाळावर ढकलतो हे तर प्रेसमधल्या शिपायालाही माहीत आहे. आपण बोललो आणि त्याच क्षणी वाचन पुढे सरकलं हा योगायोग. हे सगळं पटण्यासारखं होतं. मग पाठीला गार का लागतंय, ते मात्र त्यांना सांगता आलं नसतं.

४

"अकरावी पायरी वाजते, हे कुठून वाचलंत?" त्यांनी वर जाऊन विचारलं.

"कुठली पायरी?"

"अहो, जिन्याची. बिजागऱ्यांच्या नंतर."

"बिजागऱ्यांच्या नंतर मी पाणी प्यायलो."

त्याचा चेहरा त्या चांगल्या ओळखून होत्या. खोटं बोलताना तो छताकडे बघायचा. आत्ता तो त्यांच्याकडेच बघत होता.

त्यांनी त्याच्या कॉम्प्युटरवर फाइल वाजवली. अडतीस मिनिटं. खोकला, खट, संपलं. पेन ड्राइव्हवर घेऊन खाली आल्या, वाजवली. अडतीस मिनिटं. पेन ड्राइव्ह काढला आणि तीच फाइल फोल्डरमधून उघडली. एक्केचाळीस. पुन्हा केलं. गुडघे शिव्या देत होते, तरी तिसऱ्यांदा केलं. हातानं नेली की अडतीस, वायफायवरून आली की एक्केचाळीस.

मुलीला फोन केला. तिनं राउटरला कोण कोण जोडलंय त्याची यादी काढायला लावली. दोन कॉम्प्युटर आणि बाईंचा फोन. चौथं काही नाही.

"मग झालं तर," मुलगी म्हणाली. "बाबांनीच केलं असेल गं. कंटाळलेत ते. करू दे की मजा."

"तुझे बाबा मजा करायच्या लायकीचे राहिलेत का सध्या?"

 "रविवारी येऊ का?" मुलगी म्हणाली. बाई नको म्हणाल्या.

दुपारी त्या पाणी द्यायला वर गेल्या तेव्हा नवऱ्याचा घसा बसला होता. बोलताना निम्मे शब्द हवेतच विरत होते. एकतीस वर्षांत, सर्दी असो की ताप, हा घसा कधी बसला नव्हता. त्यांनी कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करायला लावल्या आणि उद्या वाचू नका म्हणून सांगितलं. त्यानं मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी वाचलंच.

५

तो बारा मिनिटं वाचू शकला. खाली आलेली फाइल पन्नास मिनिटांची होती.

पहिली बारा मिनिटं ऐकवत नव्हती. नुसता वारा. तो वाक्याच्या मध्ये दम घ्यायचा, 'स्वल्पविराम' म्हणायला त्याला दोनदा सुरुवात करावी लागायची. बाईंनी डोळे पुसले आणि खुणा केल्या, कारण दोन्ही करता येतं. मग खोकला, मग खट. आणि मग तोच आवाज, पण भरलेला, खणखणीत, पडण्याच्या आधीचा. जो वरच्या माणसाकडून गेला होता तो इथे कुणाकडे तरी होता.

'वरची खोली पूर्णविराम खिडक्या दोन पूर्णविराम पलंग एक पूर्णविराम माणूस एक स्वल्पविराम बसलेला पूर्णविराम.'

आवाज थांबला. बाईंनी ओठ घट्ट मिटले आणि वर हातही दाबून धरला. 'पुढे' म्हणायचं नाही. मरू दे, थांबू दे तिथेच. स्क्रीनवरचा काटा शांतपणे सरकत होता. एक मिनिट गेलं. मग आवाज म्हणाला, अगदी त्यांच्याच धंद्याच्या भाषेत:

'बसलेला वगळावे पूर्णविराम पडलेला घ्यावे पूर्णविराम.'

वर काहीतरी धपकन आदळलं.

त्या जिना कशा चढल्या ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. तो पलंग आणि खुर्चीच्या मध्ये जमिनीवर होता. तोंड उघडं होतं, मानेच्या शिरा ताणलेल्या होत्या आणि आवाज मात्र काही नव्हता. हाक मारत होता तो. त्यांनी त्याला कसंबसं पलंगावर घेतलं, पाय सरळ केला, कुठे दुखतंय ते बघितलं. हाड शाबूत होतं. त्यानं त्यांचा हात पकडून काहीतरी म्हटलं. ते त्यांना ऐकू आलं नाही, ओठांवरून वाचावं लागलं. 'बोलता येत नाही गं.'

बाईंना भीती वाटायला हवी होती. त्यांना आला संताप. तरातरा खाली आल्या, राउटरची वायर भिंतीतून खेचून काढली आणि डबा उलटा करून ठेवला.

"बस आता बोंबलत," त्या म्हणाल्या.

डब्यावरचे दिवे विझले. फोल्डर गेला. वाचन तुटलं. त्या खुर्चीत बसून धाप ओसरायची वाट बघत राहिल्या, आणि तेवढ्यात जिन्यावरून आवाज खाली आला. भरलेला, खणखणीत. 'जिना पूर्णविराम चौदा पायऱ्या पूर्णविराम.' एक क्षणभर, अगदी एक क्षण, त्यांना आनंद झाला. वाटलं, आला परत ह्यांचा घसा.

त्या दहा पायऱ्या चढल्या. तिथून कठड्याच्या फटीतून वरची खोली दिसते. नवरा पलंगावर डोळे मिटून पडला होता, तोंड मिटलेलं. टेबलाशी खुर्ची ओढलेली होती, रिकामी. खुर्चीवरची उशी मधोमध दबलेली होती. टेबलावर हस्तलिखित उघडं होतं आणि त्यावरची फूटपट्टी एक ओळ खाली सरकली. थोड्या वेळानं आणखी एक ओळ.

त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. आणि जे त्यांना समजलं ते फक्त एका मुद्रितशोधक बाईलाच समजलं असतं. वायर काढून वाचणारा गेला नव्हता. वाचणारा होता तिथेच होता. गेली होती ती तपासणारी. आतापर्यंत मजकूर निदान त्यांच्या टेबलावर तरी येत होता. आता तो कुणीच बघणार नव्हतं. आणि न तपासलेला मजकूर जसाच्या तसा छापला जातो.

६

जिना झाला, आता बैठकीची खोली चालली होती. मग स्वयंपाकघर, मग वरची खोली. प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं. तेवढाच वेळ हातात होता.

त्यांनी राउटरची वायर पुन्हा भिंतीत घातली. दिवे एकेक करून लागायला लागले, इतक्या सावकाश की त्याला दोन थपडा माराव्यात. तिसरा दिवा लागला. फोल्डर उघडायला गेल्या. वरचा कॉम्प्युटर सापडत नाही.

"पाहुणा," त्या दातओठ खात म्हणाल्या. पुन्हा तेच. डबा पुन्हा चालू होताच वरच्यानं पाहुण्यांचं नाव धरलं होतं, आणि ते बदलायचं तर वरच जायला हवं होतं. त्या टेबलाशी. त्या खुर्चीपाशी.

'स्वयंपाकघर पूर्णविराम,' वरून ऐकू येत होतं, 'शेगडी एक स्वल्पविराम बंद पूर्णविराम.'

त्या चढल्या. अकरावी पायरी वाजली आणि वाचन अर्धा क्षण थांबलं, कुणी आलं की माणूस थांबतो तसं. मग पुढे चालू झालं. त्या थेट टेबलापाशी गेल्या. खुर्ची मध्ये होती. तिच्यावरून हात लांबवल्याशिवाय माउसपर्यंत पोचता येत नव्हतं. खुर्चीच्या पाठीला हात लागला तर ती उबदार होती. फार वेळ कुणी बसलेलं असावं तशी. जवळून दर स्वल्पविरामाआधी श्वास घेतल्याचा आवाज येत होता, आणि तो स्पीकरमधून येत नव्हता. तो त्यांच्या खांद्याच्या उंचीवरून येत होता.

"सरक जरा," बाई म्हणाल्या.

आणि हात घातला. घरच्या वायफायचं नाव निवडलं. बाही कशाला तरी घासली. त्यांनी त्या बाजूला बघितलं नाही. त्यांना माहीत होतं, बघितलं तर हात थांबेल, आणि आत्ता हात थांबून चालणार नव्हतं. जोडलं गेल्याची खूण आली. वळताना डोळ्याच्या कोपऱ्यात फूटपट्टीची कड धरलेली बोटं दिसली असं त्यांना वाटलं. नवऱ्याची नव्हती. त्याची बोटं आखूड. ही लांब होती, आणि मोजायला गेलं असतं तर कदाचित जास्त भरली असती.

खाली आल्या. फोल्डर उघडला. 'शंका' उघडली. त्यांचे कालचे प्रश्न तिथे होते. कर्सर लुकलुकत होता.

'वरची खोली पूर्णविराम खिडक्या दोन पूर्णविराम पलंग एक पूर्णविराम,' आवाज आता वरून आणि समोरच्या स्पीकरमधून एकदमच येत होता. 'माणूस नाही पूर्णविराम.'

वरचा पलंग करकरायचा थांबला. नवऱ्याच्या श्वासाची घरघर दवाखान्यातून आल्यापासून घरात सतत असायची, इतकी की त्यांना ती ऐकूच येत नसे. आता ती नव्हती म्हणून ऐकू आली.

त्यांनी लिहिलं: 'माणूस नाही' हे चूक. 'माणूस आहे' हवे. फाइल सेव्ह केली.

'माणूस नाही पूर्णविराम.'

"चूक," बाई मोठ्यानं म्हणाल्या आणि पुन्हा लिहिलं.  टंकताना चूक झाली ती आधी दुरुस्त केली, कारण दुरुस्ती करणाऱ्याच्या दुरुस्तीत चूक म्हणजे समोरच्याच्या हाती आयतं कोलीत. सेव्ह केली.

'माणूस नाही पूर्णविराम,' आवाज जरा वरच्या पट्टीत म्हणाला.

"हस्तलिखित माझ्या घरचं आहे," त्या म्हणाल्या. "मी इथली तपासनीस आहे. एकतीस वर्षं माझ्या खुणेशिवाय पान उलटलं नाही कुणी, आणि तू उलटणार? शंभर वेळा वाच. शंभर वेळा चूक म्हणेन. मला दुसरं काम नाही."

तिसऱ्यांदा लिहिलं. सेव्ह केली. हात मांडीवर ठेवून बसल्या. काटा सरकत राहिला.

'माणूस आहे पूर्णविराम,' आवाज म्हणाला.

वर पलंग करकरला आणि कुणीतरी खोकललं. तो खोकला घोगरा होता, कमजोर होता आणि त्यांच्या ओळखीचा होता. बाईंनी टेबलावर डोकं ठेवलं आणि पोटभर रडून घेतलं.

७

आता ते वाचन रोज सकाळी दहा वाजता येतं. नवरा रेकॉर्ड करत नाही, तरी फोल्डरमध्ये नवी फाइल असते. बाई हात धुऊन, पेन्सिलीला टोक करून बसतात. मुलीला सांगितलेलं नाही. सांगायचं तरी काय, आणि ती म्हणणार, राउटर बदलू. 'घरदुरुस्ती'चा खंड त्यांनी दुपारी वर बसून स्वतः मोठ्यानं वाचला, नवऱ्यानं उशीला टेकून प्रूफ बघितलं, आणि प्रेसला वेळेवर परत केला. नवऱ्याचा घसा थोडा थोडा सुटतो आहे. परवा तो दोन घास जास्त जेवला.

त्या सगळंच खोडत नाहीत. तो त्यांचा स्वभाव नाही. 'माणूस अशक्त' आलं तर ठेवतात, कारण तो आहे अशक्त. 'बाई एक स्वल्पविराम म्हातारी' आलं तेव्हा चष्मा पुसला, पुन्हा ऐकलं आणि निमूटपणे 'पुढे' म्हणाल्या. पण 'पलंग रिकामा' आलं की खोडतात. 'खिडकी उघडी स्वल्पविराम खाली फरशी' आलं तेव्हा आधी वर जाऊन खिडकी लावून आल्या आणि मग खोडलं. पहिल्या आठवड्यात रोज वीस-बावीस चुका निघायच्या. मग दहा. मग चार. समोरचा शिकत होता.

आज सकाळी एकही चूक निघाली नाही.

जिना बरोबर. बैठकीची खोली बरोबर. शेगडी, खिडक्या, पलंग. 'माणूस आहे स्वल्पविराम बरा आहे पूर्णविराम.' त्यांनी दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा डोळे मिटून ऐकलं. काना-मात्रेचाही फरक नव्हता. इतकं स्वच्छ प्रूफ त्यांना आयुष्यात कुणी पाठवलं नव्हतं. शेवटी आवाज म्हणाला, 'प्रकरण समाप्त पूर्णविराम.' मग 'शंका' फाइल आपोआप उघडली. त्यात एकच ओळ होती: 'छापण्यास हरकत नाही.' खाली सहीसाठी जागा सोडली होती.

ही ओळ त्यांनी हजारो वेळा लिहिली होती. शेवटच्या प्रुफावर ती लिहायची, सही करायची, की पुस्तक छापायला जातं. सहीनंतर तपासणाऱ्याला कुणी विचारत नाही. त्यानंतर पानावर काय होतं ते छापणारा जाणे.

आणि एकतीस वर्षांत बाईंनी बरोबर मजकुरावर चुकीची खूण कधी केली नव्हती. एकदाही नाही. पैजेवर नाही, रागाच्या भरात नाही, लेखकाची जिरवायची म्हणूनही नाही. त्यांच्याजवळ जे काही होतं ते तेवढंच होतं. त्यांनी त्या ओळीकडे पुष्कळ वेळ बघितलं. आवाज थांबून होता. तोही ऐकत होता.

मग त्यांनी ती ओळ खोडली आणि लिहिलं: 'खिडक्या दोन' येथे शंका. 'पलंग एक' येथे शंका. 'पूर्णविराम' सर्व ठिकाणी तपासावेत. पहिल्यापासून दुरुस्त करून पुन्हा प्रूफ पाठवा.

फाइल सेव्ह केली. बराच वेळ काही झालं नाही. मग स्पीकरमध्ये एक लांब श्वास ओढल्याचा आवाज आला आणि वाचन सुरू झालं, जिन्यापासून.

"झालं का गं?" वरून नवऱ्यानं विचारलं. घोगरा होता, पण आवाज होता.

"कुठलं होतंय," बाई म्हणाल्या आणि पेन्सिल उचलली. "ढिगानं चुका आहेत अजून."